एका सोयरिकीचा इतिहास

अमेरिकेच्या राजकारणाविषयी आपल्याकडे जे लिहिले-बोलले जाते, त्यात एक गृहीतक बहुधा न तपासताच स्वीकारलेले असते. तिथला बायबलनिष्ठ ख्रिस्ती माणूस म्हणजे उजवा, रिपब्लिकन पक्षाचा मतदार. आणि डावा म्हणजे धर्माविषयी उदासीन किंवा धर्मविरोधी, अशी ही विभागणी. आकडे पाहिले तर तिला आधारही सापडतो. २०१६ सालच्या अध्यक्षीय निवडणुकीत मतदानोत्तर पाहण्यांनुसार गोऱ्या इव्हँजेलिकल मतदारांपैकी सुमारे ८१ टक्के लोकांनी डोनाल्ड ट्रम्प यांना मत दिले, आणि २०२० व २०२४ मध्येही हे प्रमाण दहात आठाच्या आसपासच राहिले. मतदान इतके एकगठ्ठा असले, की या श्रद्धेच्या गाभ्यातच माणसाला उजवीकडे ओढून नेणारे काहीतरी असले पाहिजे, असे वाटू लागते.

प्रस्तुत लेखाचे म्हणणे थोडे वेगळे आहे. ही सोयरीक धर्मग्रंथाने ठरवलेली नव्हती. एका माणसाच्या आयुष्यात मावेल एवढ्या काळात, नावानिशी सांगता येतील अशा मध्यस्थांनी, सांगता येतील अशा कारणांसाठी ती जुळवली. तिच्यापासून राजकारणाला काय मिळाले याची चर्चा पुष्कळ होते. श्रद्धेला त्याची काय किंमत मोजावी लागली, हा प्रश्न त्या मानाने दुर्लक्षित राहतो, आणि मला तोच अधिक महत्त्वाचा वाटतो.

आरंभी एका शब्दाचा खुलासा करायला हवा. 'इव्हँजेलिकल' हा कोणताही एक पंथ नव्हे. बाप्टिस्ट, मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन, पेंटेकोस्टल अशा अनेक प्रॉटेस्टंट पंथांतून वाहणारी ती एक वृत्ती आहे. बायबल हे अंतिम प्रमाण. क्रूसावरील येशूच्या बलिदानातूनच मानवाचे तारण. प्रत्येकाने स्वतः, जाणतेपणी श्रद्धा स्वीकारून जणू नव्याने जन्म घेणे. आणि ही सुवार्ता इतरांपर्यंत पोचवणे, ही तिची चार मुख्य लक्षणे सांगता येतील. यांतले एकही लक्षण करांचे दर, बंदुकांचा परवाना किंवा सरकारचा आकार यांविषयी काही सांगत नाही, हे वाचकांच्या लक्षात येईलच.

* * *

रॉजर विल्यम्स या धर्मोपदेशकाला मॅसॅच्युसेट्समधील प्युरिटन सत्ताधाऱ्यांनी हद्दपार केले, तेव्हा त्याने १६३६ मध्ये प्रॉव्हिडन्स ही वसाहत स्थापन केली. अमेरिकेतले पहिले बाप्टिस्ट चर्चही त्याच्याच पुढाकाराने तिथे उभे राहिले. १६४४ मध्ये लिहिताना त्याने चर्चला बागेची आणि बाहेरच्या जगाला रानाची उपमा दिली, आणि या दोहोंमध्ये भिंत असली पाहिजे असे प्रतिपादन केले. भिंतीची ही प्रतिमा पुढे थॉमस जेफरसन यांनी १८०२ मध्ये वापरली, तीही कनेक्टिकटमधील डॅनबरीच्या बाप्टिस्ट मंडळींना लिहिलेल्या पत्रात. त्या राज्यात दुसऱ्याच पंथाला राजाश्रय होता आणि अल्पसंख्य बाप्टिस्टांना आपल्या धर्मस्वातंत्र्याची काळजी वाटत होती. धर्म आणि शासन यांच्यातली भिंत ही आज निधर्मी विचारवंतांची मागणी समजली जाते. ती प्रथम हिरिरीने मागणाऱ्यांत कडवे श्रद्धावान होते, आणि विल्यम्सला त्या भिंतीने राखायची होती ती बाग. रानाला तिची गरज नव्हती.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत धर्मजागृतीची जी मोठी लाट उसळली, तिने समाजसुधारणेची अनेक आंदोलने जन्माला घातली. चार्ल्स फिनी हे त्या काळातले सर्वांत प्रभावी प्रवचनकार. गुलामगिरी हे पाप आहे, आणि पापाशी तडजोड नसते, अशी त्यांची भूमिका होती. ज्या ओबर्लिन महाविद्यालयाशी त्यांचे नाव जोडलेले आहे, त्याने १८३५ पासून कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश दिला आणि १८३७ पासून स्त्रियांना पदवीचा अभ्यासक्रम खुला केला.

या लाटेचे पाणी आपल्या किनाऱ्यापर्यंतही आले होते. १८१३ मध्ये मुंबईत उतरलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे मिशनरी याच धर्मजागृतीतून निघालेल्या अमेरिकन बोर्डाने धाडलेले होते. त्यांच्यापासून सुरू झालेल्या अमेरिकन मराठी मिशनची अहमदनगर येथील मुलींची शाळा जोतिराव फुले यांनी पाहिली होती, आणि पुण्यातील आपल्या शाळेमागे ती एक प्रेरणा होती. पुढे १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक जोतिरावांनी, गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केले. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत होत्या. १८८९ मध्ये त्यांनी त्या देशाच्या लोकस्थितीविषयी मराठीत जे पुस्तक लिहिले, त्यात दारूबंदीसाठी झटणाऱ्या ख्रिस्ती स्त्रियांच्या संघटनेविषयी मोठा आदर व्यक्त झाला आहे. या संघटनेच्या अध्यक्षा फ्रान्सिस विलर्ड स्त्रियांच्या मताधिकारासाठी आणि कामगारांच्या हक्कांसाठी बोलत, आणि स्वतःला ख्रिस्ती समाजवादी म्हणवून घेत. फुले आणि रमाबाई यांच्या नजरेला पडलेला अमेरिकन ख्रिस्ती धर्म हा असा होता.

अर्थात चित्राची दुसरी बाजू तितकीच खरी आहे. १८४५ मध्ये जॉर्जिया राज्यातील ऑगस्टा येथे सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शनची स्थापना झाली, कारण गुलाम बाळगणाऱ्या माणसाला मिशनरी म्हणून नेमायला उत्तरेकडचे बाप्टिस्ट तयार नव्हते. हाच पंथ पुढे अमेरिकेतला सर्वांत मोठा प्रॉटेस्टंट पंथ झाला. गुलामांनी धन्याची आज्ञा पाळावी, या पौलाच्या पत्रांतील वचनांचा आधार दक्षिणेतल्या व्यासपीठांवरून अहोरात्र दिला जात होता. दोन्ही पक्ष एकच बायबल वाचतात आणि एकाच देवाची प्रार्थना करतात, हे लिंकन यांनी मार्च १८६५ च्या आपल्या दुसऱ्या उद्घाटनपर भाषणात विषण्णपणे नोंदवले. सदर्न बाप्टिस्टांनी आपल्या या उगमाबद्दल माफी मागितली ती १९९५ मध्ये, दीडशे वर्षांनी.

तेव्हा एकोणिसाव्या शतकापुरता निष्कर्ष असा, की या श्रद्धेतून क्रांतिकारक आणि स्थितिवादी असे दोन्ही निपजत होते. माणूस कोणत्या बाजूला जाईल हे त्याच्या बायबलपेक्षा तो कुठे राहतो आणि त्याच्या शेतात कोण राबते, यावर अधिक ठरत असे.

* * *

विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांचे नाव आज घेतले जाते ते बहुधा उपहासाने. १९२५ च्या जुलैमध्ये टेनेसी राज्यातील डेटन या लहानशा गावी जॉन स्कोप्स या शिक्षकावर उत्क्रांतिवाद शिकवल्याबद्दल खटला झाला. त्यात फिर्यादी बाजूने ब्रायन उभे होते आणि बचावाच्या बाजूने क्लॅरेन्स डॅरो. डॅरो यांनी ब्रायन यांनाच साक्षीच्या पिंजऱ्यात बोलावून बायबलच्या शब्दशः अर्थावरून त्यांची केलेली उलटतपासणी प्रसिद्ध आहे. स्कोप्सला १०० डॉलर दंड झाला, आणि खटला संपल्यावर पाचच दिवसांनी ब्रायन वारले. लोकस्मृतीत उरले ते एक हेकेखोर, कालबाह्य म्हातारे गृहस्थ.

पण हेच ब्रायन १८९६ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, डेमोक्रॅटिक पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार होते. पुढे १९०० आणि १९०८ मध्येही. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांची बाजू घेऊन सुवर्णचलनाविरुद्ध त्यांनी शिकागोच्या अधिवेशनात जे भाषण केले, त्यात काट्यांचा मुकुट आणि क्रूस या प्रतिमा होत्या. पूर्वेकडचे बँकमालक श्रमिकाला सोन्याच्या क्रूसावर चढवत आहेत, असा त्यांचा आरोप होता. प्राप्तिकर, सिनेटरांची थेट लोकांकडून निवड, स्त्रियांचा मताधिकार या सुधारणांसाठी त्यांनी वर्षानुवर्षे प्रचार केला, आणि १९१३ ते १९२० या काळात त्या तिन्ही घटनादुरुस्तीने अमलात आल्या. विल्सन यांच्या मंत्रिमंडळात परराष्ट्रमंत्री असताना, देश युद्धाकडे ओढला जातो आहे असे दिसताच १९१५ मध्ये त्यांनी राजीनामा दिला.

मग हा मनुष्य डार्विनच्या मागे का लागला? त्याच्या विज्ञानविरोधाचे समर्थन करता येणार नाही. पण त्याचे भय कुठून आले हे समजून घेता येते. बलवानाने दुर्बळाला चिरडणे हा निसर्गनियमच आहे, असे डार्विनच्या नावाने सांगणारे उद्योगपती आणि युद्धखोर त्या काळी कमी नव्हते. स्कोप्स ज्या जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातून शिकवत होता, त्यातच मानववंशांची उतरंड लावून गोऱ्या वंशाला शिखरावर बसवले होते आणि 'निकृष्ट' कुटुंबांची पैदास रोखण्याचा पुरस्कार केला होता. ब्रायन यांची बायबलनिष्ठा आणि गरिबांविषयीची कणव ही त्यांच्या लेखी एकच गोष्ट होती. तिला मर्यादाही होत्या, आणि त्या झाकण्याचे कारण नाही. १९२४ च्या पक्षाधिवेशनात कू क्लक्स क्लॅनचा नाव घेऊन निषेध करण्याच्या ठरावाला त्यांनी विरोध केला. त्यांच्या कणवेच्या कक्षेत कृष्णवर्णीय माणूस बसत नव्हता.

ब्रायन यांच्याबरोबर एक परंपरा संपत आली. कट्टर श्रद्धा आणि आर्थिक सुधारणावाद एकाच माणसात नांदू शकतात, हे त्यानंतरच्या पिढ्या हळूहळू विसरल्या.

* * *

डेटननंतर मूलतत्त्ववादी मंडळी वृत्तपत्रांतून हास्यास्पद ठरली, आणि राष्ट्रीय जीवनातून बरीचशी मागे सरली. मात्र या काळात ती स्वस्थ बसली नव्हती. बायबल शाळा, प्रकाशनसंस्था, रेडिओवरील प्रवचने असे एक समांतर विश्व तिने उभे केले. १९४२ मध्ये इव्हँजेलिकल मंडळींचा राष्ट्रीय संघ स्थापन झाला. १९४९ मध्ये लॉस एंजेलिसच्या तंबूत झालेल्या सभांनी बिली ग्रॅहम हे नाव देशभर पोचवले.

याच सुमारास दोन प्रवाह एकमेकांच्या जवळ येत होते. रूझवेल्ट यांच्या आर्थिक धोरणांनी धास्तावलेल्या उद्योगपतींना आपल्या बाजूने बोलणारे धर्मोपदेशक हवे होते, आणि ते त्यांना मिळालेही. लॉस एंजेलिसचे जेम्स फायफील्ड हे कल्याणकारी शासन व्यक्तीच्या ख्रिस्ती स्वातंत्र्यावर घाला घालते असे सांगत, आणि त्यांच्या चळवळीला मोठमोठ्या कंपन्यांकडून पैसा येई. त्यात शीतयुद्धाची भर पडली. सोव्हिएत रशिया निरीश्वरवादी, म्हणून अमेरिका ईश्वरनिष्ठ, हे समीकरण सोपे होते. १९५४ मध्ये राष्ट्रनिष्ठेच्या प्रतिज्ञेत देवाचा उल्लेख घालण्यात आला आणि १९५६ मध्ये ईश्वरावरील विश्वास दर्शवणारे वचन राष्ट्राचे अधिकृत बोधवाक्य झाले. पण हा सौम्य, सर्वपक्षीय देवधर्म होता. डेमोक्रॅट आणि रिपब्लिकन दोघेही त्यात आनंदाने सहभागी होत.

धक्का बसला तो साठच्या दशकात. सार्वजनिक शाळांतून शासनपुरस्कृत प्रार्थना म्हणवून घेणे घटनाबाह्य असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये दिला, आणि पुढच्या वर्षी बायबलवाचनाबाबतही तसेच ठरवले. आपल्याच देशातून आपल्याला बाहेर काढले जात आहे, ही भावना लाखो सामान्य श्रद्धावानांच्या मनात प्रामाणिकपणे निर्माण झाली. तिला केवळ ढोंग म्हणून निकालात काढणे अन्यायाचे होईल.

त्याच वेळी दुसऱ्या एका आंदोलनात चर्च रस्त्यावर उतरले होते. मार्टिन ल्यूथर किंग हे बाप्टिस्ट धर्मोपदेशक होते. त्यांच्या सहकाऱ्यांतले अनेक जण चर्चमधूनच आले होते, आणि त्यांची भाषा संदेष्ट्यांची होती. एप्रिल १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून त्यांनी लिहिलेले सुप्रसिद्ध पत्र वंशद्वेष्ट्यांना उद्देशून नाही. सबुरीचा सल्ला देणाऱ्या गोऱ्या धर्मगुरूंना ते लिहिले आहे. आणि मार्च १९६५ मध्ये, सेल्माच्या मोर्चाचे दिवस असताना, व्हर्जिनिया राज्यातल्या लिंचबर्ग गावी जेरी फॉलवेल नावाचे तरुण पाद्री आपल्या मंडळीला सांगत होते, की धर्मोपदेशकाचे काम राजकारण करण्याचे नसून आत्मे जिंकण्याचे आहे. चौदा वर्षांनी हेच फॉलवेल अमेरिकेतल्या सर्वांत गाजलेल्या धार्मिक-राजकीय संघटनेचे संस्थापक होणार होते. हे प्रवचन त्यांनी पुढे मागे घेतले.

* * *

मधल्या चौदा वर्षांत काय घडले? आज बहुतेक जण याचे उत्तर एका शब्दात देतात : गर्भपात. १९७३ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने 'रो विरुद्ध वेड' खटल्यात गर्भपाताचा हक्क मान्य केला, आणि श्रद्धावान पेटून उठले, अशी ही कथा आहे. कॅथलिकांपुरती ती बरीचशी खरी आहे. ते आधीपासूनच विरोधात होते. इव्हँजेलिकल मंडळींचे तसे नव्हते. सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शनने १९७१ मध्ये, म्हणजे न्यायालयाच्या निकालाच्या दोन वर्षे आधी, एक ठराव केला होता. बलात्कार, निषिद्ध आप्तसंबंध, गर्भातील गंभीर विकृती, तसेच मातेच्या शारीरिक, मानसिक आणि भावनिक आरोग्याला धोका, या परिस्थितींत गर्भपाताची मुभा देणारा कायदा व्हावा, असे आवाहन त्यात होते. १९७४ मध्ये तो ठराव पुन्हा उचलून धरला गेला. दुसरीकडे, कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर असताना १९६७ मध्ये गर्भपातविषयक कायदा शिथिल करणाऱ्या विधेयकावर रोनाल्ड रेगन यांनी सही केली होती.

रँडल बाल्मर या इतिहासकाराने या प्रश्नाचा पाठपुरावा करून वेगळाच धागा पुढे आणला आहे : शाळा आणि त्यांची करमाफी. शाळांतला वर्णभेद संपवण्याचे आदेश प्रत्यक्षात येऊ लागताच दक्षिणेत गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाल्या आणि त्यांतल्या पुष्कळशा चर्चच्या आश्रयाने. मिसिसिपीतल्या होम्स परगण्यात सार्वजनिक शाळांतील गोऱ्या मुलांची संख्या एका वर्षात ७७१ वरून २८ वर आली, आणि पुढच्या वर्षी शून्यावर. तिथल्या कृष्णवर्णीय पालकांनी न्यायालयात दाद मागितली, आणि वंशभेद करणाऱ्या संस्थेला धर्मादाय म्हणून करमाफी मिळू शकत नाही, असे १९७१ मध्ये ठरले. फॉलवेल यांनीही १९६७ मध्ये लिंचबर्गला अशीच एक शाळा काढली होती. स्थानिक वृत्तपत्राने तेव्हा तिचे वर्णन गोऱ्या मुलांची खासगी शाळा असे केले. पुढे फॉलवेल यांनी तो हेतू नाकारला.

दक्षिण कॅरोलायनातील बॉब जोन्स विद्यापीठ हे याचे टोकाचे उदाहरण. १९७१ पर्यंत तिथे कृष्णवर्णीयांना प्रवेशच नव्हता, आणि भिन्नवंशीय मुलामुलींच्या भेटीगाठींवरची बंदी तर २००० सालापर्यंत टिकली. जानेवारी १९७६ मध्ये करखात्याने या विद्यापीठाची करमाफी काढून घेतली. १९७८ मध्ये खासगी शाळांसाठी अधिक कडक नियम प्रस्तावित झाले, तेव्हा करखात्यावर निषेधाच्या पत्रांचा अक्षरशः पाऊस पडला. पॉल वेरिच हे चतुर उजवे संघटक अशाच संधीची वाट पाहत होते. हेरिटेज फाउंडेशनच्या संस्थापकांपैकी ते एक, आणि धर्माने कॅथलिक. अश्लील साहित्य, शाळेतील प्रार्थना, गर्भपात असे अनेक विषय घेऊन त्यांनी इव्हँजेलिकल मंडळींना जागवण्याचा प्रयत्न केला होता, पण ती मंडळी जागी झाली ती शाळांवर गदा आल्यावर, हे वेरिच यांनीच पुढे एकाहून अधिक वेळा सांगितले आहे.

बाल्मर यांचे हे प्रतिपादन सर्वांनी मान्य केलेले नाही. डॅनियल विल्यम्स यांच्यासारखे इतिहासकार दाखवून देतात, की रिपब्लिकन पक्षाकडे ओढा चाळिशीच्या दशकापासूनच वाढत होता आणि बदलती लैंगिक नीती, स्त्रियांच्या समान हक्कांची घटनादुरुस्ती, समलिंगी हक्कांची चळवळ या साऱ्यांविषयीची अस्वस्थता खरी होती. मला वाटते, या दोन मतांत समजतो तेवढा विरोध नाही. सरपण बरेच दिवस साठत होते. काडी लागली ती शाळांच्या प्रश्नाची. आणि आग भडकल्यावर तिला नाव मात्र दुसरे द्यावे लागले, कारण वंशभेदाच्या रक्षणासाठी देशभर मोर्चे काढता येत नसतात. १९७८ च्या निवडणुकीत आयोवा राज्यात गर्भपातविरोधी प्रचाराने एका सिनेटरला पाडले, आणि तो विषय किती प्रभावी आहे हे संघटकांच्या ध्यानात आले. १९७९ मध्ये फ्रान्सिस शेफर आणि डॉक्टर सी. एव्हरेट कूप यांचे पुस्तक व चित्रपट चर्चाचर्चांतून दाखवले गेले. १९८० मध्ये सदर्न बाप्टिस्टांनी आपला जुना ठराव बाजूला सारून गर्भपाताविरुद्ध नवा ठराव केला. नव्वद वर्षांच्या आजीला जी शिकवण परिचयाची नव्हती, ती नातवाला सनातन वाटू लागण्यास एक दशक पुरले.

आता यातला विलक्षण भाग. या काळात अमेरिकेच्या अध्यक्षपदी जिमी कार्टर होते : सदर्न बाप्टिस्ट, चर्चचे डीकन, रविवारच्या शाळेत बायबल शिकवणारे, आणि आपण नव्याने जन्मलेले ख्रिस्ती आहोत असे उघडपणे सांगणारे. १९७६ हे इव्हँजेलिकल वर्ष असल्याचे 'न्यूजवीक'ने जाहीर केले ते त्यांच्यामुळेच. त्या निवडणुकीत त्यांनी जुन्या कॉन्फेडरसीतील व्हर्जिनिया सोडून सगळी राज्ये जिंकली. बॉब जोन्सची करमाफी गेली ती त्यांच्या शपथविधीच्या एक वर्ष आधी. राग मात्र त्यांच्यावर निघाला. जून १९७९ मध्ये फॉलवेल आणि वेरिच यांच्या 'मॉरल मेजॉरिटी'चा जन्म झाला. ऑगस्ट १९८० मध्ये डॅलस येथे जमलेल्या हजारो धर्मोपदेशकांपुढे रेगन म्हणाले, की तुम्ही मला पाठिंबा देऊ शकत नाही हे मी जाणतो, पण माझा तुम्हाला पाठिंबा आहे. घटस्फोटित, हॉलिवूडमधून आलेले, चर्चला क्वचित जाणारे रेगन जिंकले, आणि रविवारच्या शाळेचे शिक्षक हरले. जुन्या कॉन्फेडरसीतले एकच राज्य कार्टर यांच्याकडे उरले, त्यांचे स्वतःचे जॉर्जिया.

माझ्या मते इतिहासातला वळणाचा क्षण हाच. मतदारांपुढे एक बाजूला आपल्यासारखी श्रद्धा जगणारा माणूस होता, आणि दुसऱ्या बाजूला आपले शत्रू ज्यांचे शत्रू आहेत असा माणूस. त्यांनी दुसऱ्याची निवड केली. २०१६ चे आश्चर्य ज्यांना वाटले, त्यांनी १९८० नीट पाहिलेले नसावे.

* * *

सोयरिकीत देणे-घेणे असते. श्रद्धेच्या पदरात काय पडले ते पाहू. रेगन यांनी शाळेतील प्रार्थनेसाठी घटनादुरुस्ती सुचवली. १९८४ मध्ये सिनेटमध्ये तिला ५६ विरुद्ध ४४ मते पडली, आणि दोन तृतीयांश बहुमताअभावी ती बारगळली. बॉब जोन्सचा खटला सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये आठ विरुद्ध एक मतांनी विद्यापीठाविरुद्ध निकाली काढला. 'मॉरल मेजॉरिटी' १९८९ मध्ये विसर्जित झाली. करकपात आणि लष्करी खर्चवाढ यांचे वायदे मात्र वेळच्या वेळी पाळले गेले. खरा विजय मिळाला तो बेचाळीस वर्षांनी : जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'रो' निर्णय रद्द केला. ज्यांची या प्रश्नावरची निष्ठा खरी होती, आणि अशी माणसे लाखोंनी होती, त्यांच्या दृष्टीने हे फळ लहान नाही.

आता देण्याची बाजू. १९९८ मध्ये, क्लिंटन प्रकरण गाजत असताना, सदर्न बाप्टिस्टांनी सार्वजनिक पदावरील व्यक्तीच्या चारित्र्याविषयी ठराव केला; नेत्याच्या गंभीर दुर्वर्तनाकडे केलेली डोळेझाक समाजाची सदसद्विवेकबुद्धी बधिर करते, हा त्याचा आशय. खासगी जीवनात अनैतिक वागणारा नेता सार्वजनिक कामात नीतीने वागू शकेल काय, असा प्रश्न २०११ मध्ये एका जनमत संस्थेने विचारला, तेव्हा गोऱ्या इव्हँजेलिकलांपैकी ३० टक्के लोक 'होय' म्हणाले. हे प्रमाण सर्व धार्मिक गटांत सर्वांत कमी होते. तोच प्रश्न ऑक्टोबर २०१६ मध्ये पुन्हा विचारला गेला. या वेळी 'होय' म्हणणारे ७२ टक्के होते. पाच वर्षांत बायबल बदलले नव्हते. उमेदवार बदलला होता. श्रद्धेने राजकारणाला वळण लावायचे, या हेतूने सुरू झालेल्या प्रवासात कोणी कोणाला वळण लावले, याचे एवढे नेमके मोजमाप क्वचितच हाती लागते.

दुसरी किंमत पुढच्या पिढीने वसूल केली. मायकल हाउट आणि क्लॉड फिशर या समाजशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये दाखवून दिले, की नव्वदच्या दशकात कोणताच धर्म न सांगणाऱ्या अमेरिकनांचे प्रमाण ७ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर गेले. त्यांतल्या बहुतेकांची देवावरची श्रद्धा उडालेली नव्हती. धर्म म्हणजे उजवे राजकारण असे दिसू लागल्याने मवाळ आणि उदारमतवादी लोक स्वतःला धार्मिक म्हणवेनासे झाले, असा त्यांचा निष्कर्ष होता. आज हे प्रमाण तीसच्या घरात आहे. सदर्न बाप्टिस्टांची सदस्यसंख्या २००६ मध्ये सुमारे १ कोटी ६३ लाख होती. २०२३ मध्ये ती १ कोटी ३० लाखांच्या खाली गेली. या घसरणीला इतरही कारणे आहेत. पण सुवार्ता सर्वांपर्यंत पोचवणे हे ज्या पंथाचे ब्रीद, त्याने निम्म्या देशाला आपले दार राजकीय कारणासाठी लावून घ्यावे, याची नोंद त्याच्या स्वतःच्या हिशेबात तरी तोटा म्हणूनच व्हायला हवी.

आणि कृष्णवर्णीय चर्च? त्यांची धर्मश्रद्धा तितकीच बायबलनिष्ठ, येशूवरची भक्ती तितकीच उत्कट. पण त्यांचे मतदार बहुसंख्येने डेमोक्रॅटिक पक्षामागे राहिले आहेत. श्रद्धेतूनच राजकारण आपोआप निघत असते, तर हे घडते ना. त्यांचे उदाहरण समोर असताना 'इव्हँजेलिकल मत' हा शब्द 'गोरे' हे विशेषण न लावता सर्रास वापरला जातो, यातच पुष्कळ काही आले.

धोक्याची घंटा कोणी वाजवली नाही असे नाही. बिली ग्रॅहम हे निक्सन यांचे निकटवर्ती होते. वॉटरगेटच्या ध्वनिफितींतून जे निक्सन बाहेर आले, त्यांनी ग्रॅहम यांना मनस्वी धक्का बसला. १९८१ मध्ये, म्हणजे नव्या सोयरिकीचा मांडव अजून उतरलेला नसताना, त्यांनी एका मुलाखतीत इशारा दिला : कडव्या उजव्यांना धर्माशी कर्तव्य नाही, धर्माला वापरून घेण्यापुरतेच त्यांना त्यात स्वारस्य आहे. त्याच्याही दीडशे वर्षे आधी, १८३५ मध्ये, अलेक्सी द टॉकव्हिल या फ्रेंच प्रवाशाने लिहून ठेवले होते, की राजसत्तेशी युती करणारा धर्म काही लोकांवरील आपला अंमल वाढवतो आणि सर्वांच्या मनावर राज्य करण्याची आशा गमावतो. अमेरिकेत धर्म इतका सतेज का, या प्रश्नाचे उत्तर त्याला तिथल्या धर्मगुरूंनीच दिले होते : आम्ही राजकारणापासून दूर राहतो म्हणून.

कार्टर यांनी २००० मध्ये सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शनशी असलेले संबंध तोडले. स्त्रियांच्या स्थानाविषयीची त्या संघटनेची नवी कठोर भूमिका हे त्यामागचे एक मुख्य कारण. श्रद्धा त्यांनी सोडली नाही. जॉर्जियातल्या प्लेन्स या आपल्या छोट्या गावच्या चर्चमध्ये नव्वदी उलटल्यावरही ते रविवारी बायबल शिकवत राहिले, आणि ते ऐकायला दूरदूरची माणसे पहाटेपासून रांगेत उभी राहत. २९ डिसेंबर २०२४ रोजी, वयाच्या शंभराव्या वर्षी, ते निवर्तले. ज्या पंथाला एकेकाळी त्यांचा अभिमान वाटला होता, त्याने त्यांना १९८० मध्येच मतपेटीतून निरोप दिला होता. रॉजर विल्यम्सची बाग राखण्याचे काम त्यानंतर अशा एकेकट्या माळ्यांवर येऊन पडले.